उतारूंच्या जागेवरचा माल

बिदरच्या उत्तरेस चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवर औराद हे तालुक्याचे गाव आहे. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा बाजारात सारख्याच सहजपणे कानी पडाव्यात, असा हा मुलूख. अमरेश्वराच्या देवळासाठी आणि देवणी जातीच्या गुरांसाठी पंचक्रोशीत त्याची ख्याती आहे. विमानांच्या इतिहासात औरादचे नाव शोधायला कोणी जाणार नाही. तरीही १९४८ साली ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत औराद, भालकी आणि बिदर या तालुक्यांवरच्या आकाशाने एक विलक्षण वाहतूक पाहिली. कराचीहून रात्री निघालेली चार इंजिनांची मोठाली विमाने अंधारातच बिदरच्या धावपट्टीवर उतरत आणि उजाडण्यापूर्वी परत फिरत. ही विमाने उतारू नेण्यासाठी बांधलेली होती. परंतु त्यांतून उतारू उतरत नसत. बंदुका, मशिनगन आणि दारूगोळ्याच्या पेट्या उतरत.

विमानातील आसन माणसासाठी असते, हे इतके उघड आहे की त्याचा विचार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. परंतु गेल्या शंभर वर्षांत या आसनावरून माणसाला अनेकदा उठविण्यात आले आणि त्याच्या जागी भलत्याच वस्तू बसविण्यात आल्या. कोणत्या काळी माणसाला उठवून कोणती वस्तू बसविली गेली, हे पाहू गेल्यास त्या काळाची निकड चटकन लक्षात येते. बिदरची हकिकत ही या मालिकेतील सर्वांत गंभीर हकिकत होय. ती नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्याकडे नियमित हवाई वाहतूक सुरू झाली ती माणसांसाठी नव्हे, टपालासाठी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे चिमुकले विमान सोडले. अहमदाबादेस ते उतरले, तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, आणि दुपारी ते मुंबईस जुहूच्या मैदानावर पोचले. या विमानात वैमानिकाखेरीज फार तर दोन माणसांची सोय होती. माणसांच्या त्या जागेत त्या दिवशी सुमारे पंचवीस किलो वजनाच्या टपालाच्या थैल्या होत्या. विलायतेहून इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत आलेली ती पत्रे. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी दुसऱ्या विमानातून ती बल्लारीमार्गे मद्रासेस नेली. पुढे थोड्याच वर्षांत बल्लारीऐवजी हैदराबाद हा थांबा झाला आणि टपालाची विमाने बिदर-हुमनाबादच्या या पठारावरून जाऊ-येऊ लागली.

त्या काळी पत्र हा मुख्य उतारू होता आणि माणूस हा वरकड माल होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. टाटांच्या विमानांनी १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात १,६०,००० मैलांचा प्रवास केला, पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल नेले, आणि माणसे नेली फक्त १५५. थैल्या चढवून जागा उरली तर माणूस चढावयाचा. त्याची तक्रारही कोणी करीत नसे, कारण पत्र वेळेवर पोचविण्याबद्दल सरकार पैसे देत होते आणि माणसाचा तसा काही करार नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे. तेव्हा सारा बाडबिस्तरा पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. विमानवाहतुकीचा हा आरंभ कोणास गरिबीचा वाटेल. परंतु त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा होता. विमानात काय आहे हे सर्वांस ठाऊक असे आणि त्याच्यावर तिकीट चिकटवलेले असे.

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. युद्धात बॉम्बफेकी विमाने हजारोंनी बांधली गेली. युद्ध संपण्याची चिन्हे दिसताच त्यांतील काहींना उतारूंच्या विमानांचे रूप देण्यात आले. इंग्लंडच्या लँकेस्टर या विख्यात बॉम्बफेकी विमानापासून 'लँकेस्ट्रियन' विमान तयार झाले. तोफा काढल्या, नाक निमुळते केले, अंग झाकून घेतले आणि आत आसने बसविली. आसने तरी किती? इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मार्गावरच्या विमानांत अवघी नऊ. विमानाचे अंग इतके अरुंद की उतारूंना एका बाजूच्या भिंतीला पाठ लावून, देवळाच्या ओवरीत बसावे तसे आडवे बसावे लागे. चार मर्लिन इंजिनांच्या जोरावर नऊ माणसे न्यावयाची, हा व्यापार परवडणारा नव्हताच. परंतु वेग आणि पल्ला या दोन गुणांत त्याची बरोबरी करणारे विमान त्या वेळी क्वचितच होते. १ जानेवारी १९४६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून जे पहिले प्रवासी उड्डाण झाले ते लँकेस्ट्रियनचेच. बर्लिनची रशियनांनी नाकेबंदी केली तेव्हा, म्हणजे १९४८-४९ मध्ये, याच जातीच्या विमानांनी शहराला टाक्या भरभरून इंधन पुरविले. उतारूंच्या दृष्टीने गैरसोयीचे असलेले हे विमान मालाच्या दृष्टीने फारच सोयीचे ठरले, आणि त्या मालात बरेवाईट दोन्ही होते.

भारतातही स्वातंत्र्याबरोबरच विमानांच्या आसनांवर संकट आले. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाले काश्मीरच्या खोऱ्यात घुसले. २७ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीहून लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या हाताखालील पहिल्या शीख पलटणीची तुकडी डाकोटा विमानांतून श्रीनगरला उतरली. वायुदलाची विमाने पुरेशी नव्हती, म्हणून खाजगी कंपन्यांची प्रवासी विमाने ताब्यात घेतली गेली, त्यांतील आसने उपटून काढली गेली आणि सैनिक आपापल्या सामानासह तळावर बसून गेले. एरवी डाकोटात एकवीस उतारूंची व्यवस्था असे. पुढे वेढ्यात सापडलेल्या पूंछला एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या वैमानिकांनी अशाच विमानांतून धान्य व तोफा पोचविल्या आणि परतीच्या फेरीत निर्वासित आणले. काश्मीरच्या बाबतीत आसने काढून शस्त्रे आणि सैनिक नेले गेले ते उघडपणे, साऱ्या देशाच्या डोळ्यांसमोर. बिदरचा प्रकार वेगळा होता.

आता १९४८ च्या हैदराबाद संस्थानाकडे वळू. निजामाने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी 'जैसे थे' करार केला होता. तो एक वर्षाचा होता, परंतु दोन्ही बाजूंचा विश्वास त्याआधीच उडाला. संस्थानात कासिम रझवी यांच्या रझाकारांचा अंमल वाढत गेला. हे रझवी मूळ लातूरचे वकील, म्हणजे याच मराठी मुलखात वावरलेले. बिदर जिल्ह्याच्या वाट्याला या काळात जे आले ते अद्याप लोकांच्या स्मरणातून गेलेले नाही. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळील गोर्टा गावात रझाकारांनी गावकऱ्यांची कत्तल केली. ठिकठिकाणचे लोक सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी या भागांत गेले आणि तेथे छावण्या उभ्या राहिल्या.

औरादची अवस्था या बाबतीत विशेष कठीण होती, हे नकाशा पाहताच कळते. आज औरादहून थोडे पुढे गेले की महाराष्ट्र लागतो. एका अंगाला उदगीर, दुसऱ्या अंगाला देगलूर. परंतु १९४८ साली उदगीर, देगलूर, नांदेड, लातूर हे सारेच निजामाच्या राज्यात होते. सोलापूरच्या बाजूची भारताची हद्द शंभर मैलांच्या आसपास दूर. उस्मानाबादच्या काठावरील गावकऱ्याला रातोरात हद्द गाठता येई. औरादच्या कुळंब्याला कोठे जावे हा प्रश्नच होता. पायाखालची जमीन सोडवत नाही आणि डोक्यावर रात्री विमानाची घरघर, अशी ती स्थिती.

भारत सरकारने संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केल्यावर निजामाच्या सैन्याला शस्त्रे मिळण्याचा सरळ मार्ग बंद झाला. जमिनीने चारी बाजूंनी भारत, बंदर एकही नाही. पोर्तुगीजांच्या ताब्यातील मुरगाव बंदर मिळवावे म्हणून हैदराबादने खटपट केली होती, ती फळास आली नाही. राहता राहिले आकाश. पंतप्रधान मीर लायक अली यांनी त्यासाठी ज्या माणसाला गाठले त्याचे नाव सिडनी कॉटन.

कॉटन हा ऑस्ट्रेलियन. क्वीन्सलँडमध्ये १८९४ साली जन्मलेला. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक होता आणि उघड्या विमानात थंडीने गारठू नये म्हणून त्याने तयार केलेला 'सिडकॉट' पोशाख पुढे वर्षानुवर्षे वैमानिकांनी वापरला. उतारूंच्या जागेत भलतेच काही लपविण्याची विद्याही त्याला जुनीच अवगत होती. १९३९ साली, दुसरे महायुद्ध पेटण्यापूर्वी, तो लॉकहीड कंपनीचे एक देखणे प्रवासी विमान घेऊन व्यापाऱ्याच्या मिषाने जर्मनीवरून हिंडला. त्या विमानाच्या तळाशी सरकत्या झाकणांमागे कॅमेरे दडविलेले होते. त्याने काढलेली छायाचित्रे ब्रिटिश गुप्तहेर खात्याला मिळाली आणि हवाई टेहळणीच्या शास्त्राचा पायाच त्यातून घातला गेला. माणूस धाडसी होता, कल्पक होता, यात शंका नाही. परंतु धाडस कोणाच्या कामी लागते याची त्याला फारशी फिकीर नसावी, असे त्याचे पुढील चरित्र सांगते.

कॉटनने इंग्लंडमध्ये पाच लँकेस्ट्रियन विमाने मिळविली आणि कराचीस तळ केला. कराची ते बिदर हे अंतर सरळ रेषेत सुमारे १,३०० किलोमीटर आहे. लँकेस्ट्रियनच्या पल्ल्याला ते काहीच नव्हे. वाटेत न उतरता ते येऊन परत जाऊ शके. भारतीय वायुदलाजवळ रात्रीच्या अंधारात असे विमान शोधून अडविण्याची साधने त्या वेळी जवळजवळ नव्हतीच. जूनपासून ही उड्डाणे चालू झाली. बिदर आणि वरंगळ येथील धावपट्ट्या त्यासाठी वापरल्या जात. आम्ही औषधे नेत होतो, असे कॉटनच्या बाजूने सांगितले गेले, आणि औषधेही त्या मालात असत. परंतु मालाचा मुख्य भाग काय होता याविषयी वाद राहिलेला नाही. भारत सरकारने शस्त्रांच्या या चोरट्या आयातीचा जाहीर निषेध केला. वर्तमानपत्रांतून तिची चर्चा झाली. तरी विमाने येतच राहिली. सोळा वर्षांपूर्वी कराचीहूनच निघालेल्या विमानाच्या आसनावर पत्रांच्या थैल्या होत्या, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही.

या शस्त्रांनी केले काय? लष्करी दृष्टीने पाहिल्यास फारच थोडे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गकडे सरकले. 'ऑपरेशन पोलो' असे या मोहिमेला नाव होते. पुण्याहून उडालेल्या वायुदलाच्या विमानांनी बिदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकले. हेतू हा की कराचीचे पाहुणे पुन्हा उतरू नयेत. सैन्य राजेश्वर, हुमनाबाद घेत पुढे आले आणि १७ सप्टेंबरच्या पहाटे बिदरमध्ये शिरले. त्याच दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी जनरल एल एद्रूस यांनी शरणागती दिली. एवढ्या खटाटोपाने आणलेल्या बंदुका पाच दिवसही पुरल्या नाहीत.

परंतु बंदुकीचा परिणाम नुसत्या लढाईच्या दिवसांवरून मोजणे बरोबर नाही. रात्री उतरणाऱ्या विमानांमुळे राज्यकर्त्यांना वाटू लागले की बाहेरची मदत येते आहे आणि येत राहील. तडजोडीची गरज नाही. ज्या तीन महिन्यांत शहाणपणाने बोलणी व्हावयाची होती ते महिने या भरवशावर वाया गेले. त्याची किंमत गावांनी दिली, आणि ती दोन्ही समाजांनी दिली. मोहिमेनंतर जी सूडाची लाट उसळली तिच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठविले. त्यांच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे नमूद आहे, आणि मारले गेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार एवढा मोठा आहे. यांत बहुसंख्य मुसलमान होते. आधी रझाकारांच्या हातून मेलेले आणि नंतर सूडापोटी मेलेले, ही दोन्ही माणसे एकाच शिवारातली होती. हा अहवाल अनेक वर्षे दप्तरात बंद राहिला. त्यातील मजकूर लोकांसमोर आला तो २०१३ च्या सुमारास.

कॉटनचे पुढे काय झाले, हे ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटेल. इंग्लंडमधील न्यायालयात त्याच्यावर खटला झाला आणि त्याला दोनशे पौंड दंड झाला. तेवढ्यावर प्रकरण मिटले. १९६९ साली तो वारला. त्याच वर्षी त्याचे आत्मचरित्र निघाले. लायक अली यांची हकिकतही विमानाशीच येऊन थांबते. हैदराबादेस नजरकैदेत असता मार्च १९५० मध्ये ते निसटले, मुंबईस पोचले आणि तेथून विमानाने कराचीस गेले; साध्या उतारूसारखे, आसनावर बसून.

या उड्डाणांचा शेवटचा उल्लेख मात्र फार उशिरा झाला, आणि तो लंडनच्या उच्च न्यायालयात. सप्टेंबर १९४८ मध्ये, संस्थान कोसळत असताना, निजामाच्या नावावरील दहा लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम लंडनच्या बँकेतून पाकिस्तानच्या तेथील उच्चायुक्तांच्या खात्यावर वळविण्यात आली होती. ती कोणाची, हा वाद सत्तर वर्षे चालला आणि व्याजासह रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली. पाकिस्तानचे एक म्हणणे असे की हैदराबादला पुरविलेल्या शस्त्रांशी या पैशाचा संबंध होता. म्हणून कॉटनची विमाने, त्यांतील माल आणि त्यांचे पैसे यांची छाननी न्यायमूर्तींना करावी लागली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल लागला. शस्त्रांचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला नाही. रक्कम निजामाचे वारस आणि भारत सरकार यांची ठरली. बिदरच्या धावपट्टीवर अंधारात उतरविलेल्या पेट्यांचा हिशेब असा एकाहत्तर वर्षांनी उजेडात मांडला गेला.

हैदराबाद भारतात आल्यावर आकाशात पुन्हा टपाल दिसू लागले. १९४९ पासून रात्रीच्या टपालसेवेची विमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार दिशांनी निघत, मध्यरात्री नागपूरला एकत्र जमत, तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. काही काळ ही सेवा डेक्कन एअरवेजनेही चालविली. ही कंपनी मूळ हैदराबादची, निजामाची रेल्वे आणि टाटा यांनी मिळून १९४५ साली काढलेली. या विमानांत टपालाबरोबर थोडे उतारूही स्वस्तात जात. मध्यरात्री नागपूरच्या विमानतळावर चहा घेत ताटकळणाऱ्या या उतारूंना आपण थैल्यांच्या कृपेने प्रवास करीत आहोत, हे पुरते ठाऊक असे.

माणसाच्या आसनावर माल बसविण्याचे सगळेच प्रकार असे भीषण नसतात. काही तर प्रेमापोटी घडलेले आहेत. वादकांचेच पाहा. मिरजेचा तंबोरा घडविण्यास पंढरपूरच्या आसपास पिकणारा मोठा भोपळा लागतो. तो वाळवून, कोरून, त्यावर दांडी बसवून कारागीर महिनोन्महिने खपतात. असा तंबोरा विमानाच्या मालकप्प्यात टाकावयाचा म्हणजे गवयाच्या जिवाचे पाणी होते, कारण भोपळ्याला एक तडा गेला की सूर गेला. पाश्चात्य देशांत चेलो वाजविणारे कलावंत म्हणूनच वाद्यासाठी स्वतंत्र तिकीट घेतात आणि त्याला शेजारच्या आसनावर पट्ट्याने बांधतात. लिन हॅरेल या अमेरिकन वादकाने तर आपल्या चेलोच्या नावे प्रवासाचे बक्षीस-गुणही वर्षानुवर्षे जमा केले. कंपनीने २०१२ साली ते खाते बंद केले. तिकिटाचे पूर्ण पैसे घ्यावयाचे आणि गुण द्यावयाचे नाहीत, यात न्याय कोणाच्या बाजूला आहे हे ज्याचे त्याने ठरवावे.

याहून आगळा उतारू गोव्याच्या इतिहासातला आहे. संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांना गोव्यात 'गोंयचो सायब' म्हणतात, ते ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर निवर्तले. त्यांचा देह मलाक्कामार्गे जहाजाने गोव्यास आला तो मार्च १५५४ मध्ये. आज तो जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे. जेझुइट संघाच्या प्रमुखाच्या आज्ञेवरून १६१४ साली त्यांचा उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोमला नेण्यात आला. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात म्हणून त्याचा मान. जानेवारी २०१८ मध्ये हा हात महिनाभराच्या दर्शनासाठी कॅनडात नेला गेला, तेव्हा तो एअर कॅनडाच्या विमानात ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न आला. मालकप्प्यात ठेवणे कोणाच्या मनाला पटेना. अखेर त्याच्यासाठी स्वतंत्र आसन घेण्यात आले आणि सोबतच्या मंडळींच्या शेजारी, नीट वेष्टनात, त्या हाताने गावोगाव प्रवास केला. सोळाव्या शतकात ज्या देहाला चीनहून गोव्यास पोचायला वर्षाहून अधिक काळ लागला, त्याच देहाचा एक भाग असा समुद्रावरून काही तासांत गेला. श्रद्धाळू माणसाला त्या आसनावर माल ठेवला आहे असे वाटले नसेल, एक उतारू बसला आहे असेच वाटले असेल.

बिदरची धावपट्टी १९४८ नंतर पुष्कळ काळ निजलेली होती. चीनशी युद्ध झाल्यावर, १९६३ साली, वायुदलाने तेथे वैमानिकांच्या शिक्षणाचे केंद्र उभे केले आणि शिकाऊ वैमानिकांच्या विमानांची घरघर औरादकरांच्या रोजच्या ओळखीची झाली. मधल्या काळात १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला; उदगीर, अहमदपूर, निलंगे मुंबई राज्यात आले, औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. साध्या उतारूला मात्र बिदरहून तिकीट काढून विमानात बसण्यासाठी फार वाट पाहावी लागली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी बंगळूरहून नियमित प्रवासी विमान बिदरला उतरले. सत्तरेक आसनांचे, दोन पंखे असलेले. त्यातून कोणी लग्नाला आलेले, कोणी इस्पितळातल्या आप्ताला भेटायला आलेले, अशी नेहमीची माणसे उतरू लागली.

आणि नेमक्या त्याच सुमारास जगभर विमानांतली माणसे उतरविण्याची वेळ आली. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० अखेर भारतातील प्रवासी विमाने जमिनीवर उभी राहिली. जगातील हवाई मालापैकी मोठा भाग एरवी प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. ती विमानेच थांबल्यावर मालाची वाट बंद झाली. मुखपट्ट्या, औषधे, तपासणीची उपकरणे यांची तर घाई. तेव्हा ७ एप्रिल २०२० रोजी, बिदरच्या त्या पहिल्या विमानानंतर बरोबर दोन महिन्यांनी, स्पाइसजेटच्या बोइंग ७३७ विमानाने दिल्लीहून चेन्नईस अकरा टन आवश्यक माल नेला, आणि त्यातील पुष्कळ खोकी उतारूंच्या आसनांवर बसलेली होती. अशा रीतीने आसनांवरून माल नेणारे भारतातील हे पहिले उड्डाण म्हणून नोंदले गेले.

खोके आसनावर ठेवले, पट्टा आवळला, झाले, असा कोणाचा समज असल्यास तो चुकीचा आहे. विमानाचे आसन सुमारे सत्त्याहत्तर किलो वजनाचा माणूस गृहीत धरून बांधलेले असते. विमान एकाएकी थांबल्यास त्याच्या नऊपट आणि नव्या आसनांत त्याहूनही अधिक जोराचा हिसका त्याने सोसावा, असा नियम आहे. म्हणून प्रत्येक आसनावर किती भार ठेवावा हे ठरवून द्यावे लागते, आणि खोकी उसळू नयेत म्हणून वरून जाळी ओढावी लागते. परंतु खरी अडचण आगीची. विमानाच्या पोटातील मालकप्प्यात धूर ओळखणारी यंत्रे आणि आग दाबणारा वायू सोडण्याची सोय असते. प्रवासी कक्षात तशी सोय नसते. तेथे धूर दिसताच ओरडणारी माणसे बसलेली असतात, हेच तेथले यंत्र. माणसे उतरविली की हे यंत्रही उतरते. म्हणून खोक्यांनी भरलेल्या विमानातसुद्धा काही कर्मचारी पाळीने बसवावे लागले. त्यांचे काम एवढेच की खोक्यांकडे टक लावून पाहत राहावयाचे. आसनांवर आगप्रतिबंधक आच्छादने घातलेली, खिडक्यांपाशी पुठ्ठ्याची खोकी, आणि मधल्या वाटेवर हातात अग्निशामक नळकांडे घेतलेला एकटा माणूस, असे ते दृश्य असे.

२५ मे २०२० पासून देशातील प्रवासी विमाने पुन्हा सुरू झाली. माणसे परतली, पण आसनांचा वाद लगेच मिटला नाही. मधले आसन शक्य तोवर रिकामे ठेवावे आणि भरणे भागच पडले तर त्यावरील उतारूस मुखपट्टी व मुखकवच यांच्याखेरीज अंगभर झगा द्यावा, असा हुकूम नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने १ जूनला काढला. त्या आठवड्यापासून देशातल्या विमानांत मधल्या रांगेत डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली माणसे, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे अंग चोरून पाहत, पट्टा बांधून बसू लागली.